अंधांचे अंध गुरू : गानयोगी पंचाक्षरी गवई

अंधाला भाकरी द्यावी, हात धरून त्याला रस्ता ओलांडून द्यावा, ही शिकवण आपल्या सर्वच धर्मांनी दिली आहे. ती पाळणारी माणसे आपल्या कलघटगी तालुक्यात आजही कमी नाहीत. परंतु अंधाला विद्या द्यावी आणि तो आपली भाकरी आपणच मिळवील असे करावे, हा विचार त्या मानाने नवा आहे. जुन्या धारवाड जिल्ह्यातच तो विचार प्रत्यक्ष आचरून दाखविणारे एक शिक्षक होऊन गेले. आपला ट्रस्ट महोत्सव साजरा करीत असताना त्यांचे चरित्र सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

जन्म व विद्यार्जन

कलघटगीच्या दक्षिणेस हानगल तालुका आहे. 1997 पर्यंत तोही धारवाड जिल्ह्यातच होता. तेथील काडशेट्टीहळ्ळी या खेड्यात 1892 साली एका गरीब घरात गदिगेय्या नावाचा मुलगा जन्मला. तो जन्मांध होता, आणि त्याचा भाऊ गुरुबसय्या हाही अंधच. एका घरात दोन अंध मुलगे म्हणजे त्या काळी आईबापांवर आकाशच कोसळले असे लोक म्हणत. परंतु दोघांचे गळे गोड होते. हानगलचे कुमारस्वामी यांनी त्यांचे गाणे ऐकले आणि दोघांना आपल्या छत्राखाली घेतले. याच कुमारस्वामींनी 1909 साली बदामीजवळ मलप्रभेच्या काठी शिवयोगमंदिराची स्थापना केली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वामींनी मुलांना केवळ अन्नवस्त्र देऊन आपले कर्तव्य संपले असे मानले नाही. त्यांनी गदिगेय्याला कर्नाटक संगीताच्या अभ्यासासाठी म्हैसूरला पाठविले. पुढे उस्ताद वहीद खाँ यांच्याकडून त्याला हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळाली. वीरशैव मठात वाढलेला शिष्य आणि मुसलमान उस्ताद अशी ही जोडी होती. विद्येच्या दारात जात विचारली जात नाही, हे आपल्या भागातील संगीताने फार पूर्वीच सिद्ध केले आहे. हाच गदिगेय्या पुढे पंचाक्षरी गवई म्हणून विख्यात झाला.

शाळा कशी उभी राहिली

मोठा गवई झाल्यावर पंचाक्षरींना मैफली करून सुखाने राहता आले असते. त्यांनी शिक्षकाचा मार्ग पत्करला. अंध, अनाथ व गरीब मुले बरोबर घेऊन ते गावोगाव फिरत, गात आणि शिकवीत. अशा फिरत्या पाठशाळेला पुढे गदगमध्ये स्थिर आसरा मिळाला, तोच आजचा वीरेश्वर पुण्याश्रम. तेथे मुलांना राहणे, जेवण व शिक्षण विनामूल्य मिळते. एवढ्या मुलांचा खर्च चालविणे सोपे नव्हते. त्यासाठी गवईबुवांनी नाटक मंडळीही चालविली. दानाची वाट पाहत न बसता आपल्या कलेवर संस्था जगविण्याचा हा प्रयत्न होता.

डोळ्यांवाचून ताल

दिसत नसता मुले गाणे-वाजविणे कशी शिकत असतील, असे पुष्कळांना वाटते. एक उदाहरण घेऊ. त्रितालाच्या सोळा मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी देतात. नवव्या मात्रेवर हात नुसता बाजूला करून खाली दाखवितात. टाळी ऐकू येते, पण हात बाजूला केलेला अंध मुलाला कसा कळावा? त्याचे उत्तर तबल्यातच आहे. तिसऱ्या खंडात डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि 'तिं तिं ता' असे कोरडे बोल ऐकू येतात. ज्याचा कान तयार आहे त्याला खाली कधी आली हे पाहावे लागत नाही. बोल आधी तोंडाने पाठ करावयाचे, मग हातात आणावयाचे, अशी आपली जुनीच रीत आहे. गुरू स्वतः अंध असल्यास मुलाची अडचण कोठे आहे हे त्याला सांगावे लागत नाही, हा त्यातील मोठा लाभ.

याला जगात एक थोर दाखला आहे. फ्रान्समधील लुई ब्रेल हा 1809 साली जन्मला. खोगिरे करणाऱ्या बापाच्या दुकानात आरी डोळ्याला लागून तो तीन वर्षांचा असताना जखमी झाला व पुढे पूर्ण अंध झाला. पॅरिसच्या अंधशाळेत तो विद्यार्थी म्हणून शिकला आणि तेथेच शिक्षक झाला. सहा उठावदार टिंबांची त्याची लिपी 1829 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. अंधांच्या शिक्षणाला खरी गती दिली ती एका अंध शिक्षकाने.

आपल्या देशात अंधांची पहिली शाळा मिस अ‍ॅनी शार्प यांनी 1887 साली अमृतसर येथे काढली. मुंबईत मिस अ‍ॅना मिलार्ड यांनी 1900 साली शाळा सुरू केली. 1951 साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. तिच्यात मराठीचा क, कन्नडचा क आणि उर्दूचा काफ एकाच खुणेने, पहिल्या व तिसऱ्या टिंबाने, लिहिले जातात. डोळसांसाठी तीन लिप्या, पण बोटांसाठी अक्षर एक! तीन भाषा बोलणाऱ्या आपल्या गावाला याचे विशेष अगत्य वाटावे.

शिष्यपरंपरा

पंचाक्षरी गवई 1944 साली निवर्तले. शिक्षकाची खरी परीक्षा त्याच्या पश्चात होते. त्यांचे शिष्य पुट्टराज गवई 1914 साली देवगिरी या गावी जन्मले आणि तान्हेपणीच अंध व पोरके झाले. गुरूंच्या मागे त्यांनी 2010 पर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे, आश्रम सांभाळला. ते कन्नड, हिंदी व संस्कृत या तिन्ही भाषांत ग्रंथ लिहीत आणि अनेक वाद्ये वाजवीत. 2010 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पंचाक्षरींचेच दुसरे शिष्य बसवराज राजगुरू हे डोळस होते. 1991 साली त्यांनाही हाच सन्मान लाभला. अंध आणि डोळस एकाच गुरूपुढे बसून शिकले, हे विसरू नये.

आपले कर्तव्य

मुसलमान घरांत दृष्टिहीन मुलाला कुराण मुखोद्गत करवून हाफिज करण्याची परंपरा आहे. हिंदू घरांत अंध गायकाला आदराने सूरदास म्हणतात. या दोन्ही शब्दांत अंधाच्या स्मरणशक्तीचा गौरव आहे. परंतु प्रत्येक अंध मूल गवई किंवा हाफिज होईल असे नाही. कोणाला गणिताची गोडी असते, कोणाला शिक्षक व्हावेसे वाटते. आज बोलणारे संगणक आहेत, ब्रेल पुस्तके आहेत. 2016 च्या कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंध व मंददृष्टी व्यक्तींसाठी एक टक्का जागा राखल्या आहेत.

तरीही एखादे मूल घराच्या कोपऱ्यात बसून राहते, कारण "याला काय शिकवायचे?" असा प्रश्न घरातल्याच कोणीतरी विचारलेला असतो. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या ट्रस्टने द्यावे. सभासदांनी आपापल्या गल्लीत असे मूल आहे काय हे पाहावे, त्याच्या आईवडिलांना धीर द्यावा, वैद्यकीय दाखला काढून द्यावा आणि शाळेत नाव घालण्यासाठी बरोबर जावे. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीत एक जागा अशा मुलासाठी राखावी, ही विश्वस्त मंडळाला नम्र विनंती.

कुमारस्वामींनी दोन अंध मुलांना आधार दिला. त्यांतील एकाने पुढे शेकडोंना आधार देणारी संस्था उभारली. दान योग्य ठिकाणी पडले म्हणजे ते असे वाढते. आपल्या ट्रस्टच्या हातून असेच वाढणारे दान घडो, हीच महोत्सवाच्या या शुभ प्रसंगी प्रार्थना.