केटामाइन : नैराश्यावरचं हे इंजेक्शन कोणासाठी?

केटामाइन हे काही नवं औषध नाही. १९७० पासून ते भुलीसाठी वापरात आहे आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भूलतज्ज्ञांनाही चांगलं ठाऊक आहे. नैराश्यावर ते चालू शकतं, हे २००० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासातून पुढे आलं. आता मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेले नातेवाईक विचारतात, "ते इंजेक्शन दिलं की पेशंट दुसऱ्या दिवशी ठीक होतो म्हणे?" काहींच्या बाबतीत हे खरं आहे. नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. केटामाइनने काही तासांतच मनावरचं ओझं उतरू शकतं, मरणाचे विचार मागे हटू शकतात. म्हणून मी या उपचाराकडे आशेनेच पाहतो.

पण तो पहिला उपचार नव्हे. नैराश्याची निदान दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर केटामाइनचा विचार होतो. आमच्याकडे "सगळी औषधं करून झाली" म्हणणाऱ्या पेशंटची पिशवी टेबलावर रिकामी केली, की बऱ्याचदा दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या चारच फोडलेल्या दिसतात. तोंडाला कोरड पडली, सुस्ती आली, कापूस वेचणी सुरू झाली म्हणून गोळ्या सुटल्या. हे औषधाचं अपयश नव्हे. थायरॉईड, रोजची दारू, मधूनच येणारा अतिउत्साहाचा काळ, हेही आधी तपासावं लागतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत मानसिक आरोग्याचा 'विश्राम' प्रकल्प झाला. सुरुवातीला तिथे नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण उपचारापर्यंत पोचले होते; गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केल्यावर हा आकडा २७ झाला. आपली खरी अडचण इथेच आहे. बहुतेकांना पहिली गोळीच मिळालेली नसते.

उपचार कसा असतो ते सांगतो. दर किलो वजनामागे साधारण अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे भुलीच्या डोसपेक्षा बरंच कमी औषध, सलाईनमधून ४० मिनिटांत सोडतात. पेशंट बहुधा जागाच असतो. पण अंग आपलं नाही असं वाटतं, भिंती लांब जातात, आवाज दुरून येतात. कोणी घाबरतो, कोणाला मळमळतं. बीपी चढतो, म्हणून नाडी, बीपी आणि ऑक्सिजन सतत पाहावा लागतो. तासा-दोन तासांत हे सगळं ओसरतं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, बैलजोडी नाही की ट्रॅक्टर नाही. सोबत घरचं माणूस हवंच.

अडचण टिकण्याची आहे. एका डोसचा गुण बहुधा काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा, असे काही आठवडे डोस देतात आणि गोळ्या व समुपदेशन चालूच ठेवतात. वरचेवर घेत राहिल्यास लघवीच्या पिशवीला इजा होते, सवयही लागते. भ्रम-भास होणारे, बीपी ताब्यात नसलेले, गरोदर स्त्रिया आणि पूर्वी व्यसन असलेले, यांनी ते आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं आहेत. कोणी घरी येऊन द्यायला तयार असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अभिनेता मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये गेला, त्यामागे देखरेखीविना घेतलेलं केटामाइनच होतं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. डॉक्टरांनी शॉकचा उपचार सुचवला तर सिनेमातली दृश्यं आठवून नाही म्हणू नका. तो आता भूल देऊनच करतात. भुलीशिवाय करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. २०२३ मधल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात केटामाइनने शंभरात ५५ जणांना आणि शॉकने ४१ जणांना गुण आला, पण त्यात भ्रम-भास असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. अशा पेशंटला शॉकचाच आधार मोठा आहे.

सुरुवात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या मनोविकार विभागातून करा. वणी-उमरखेडहून येणं जड जातं, हे मला माहीत आहे. तरी जुन्या चिठ्ठ्या आणि उरलेल्या गोळ्या घेऊन या. केटामाइन लागणार की नाही, ते त्यावरूनच ठरतं. घरात कोणी "आता जगून काय करू" म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.