पुठ्ठ्याचा पिरॅमिड : प्रमाण आणि भूमिती शिकविण्याचा एक मार्ग

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहावे, अशी सूचना आली. शिक्षणाच्या ध्येयधोरणांवर लिहिणारी अधिकारी मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही रोज फळ्यापुढे उभे राहणारे शिक्षक. तेव्हा वर्गातलाच एक विषय सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. सहावी ते आठवीच्या मुलांकडून पिरॅमिडची प्रतिकृती करवून घेऊन त्यांना प्रमाण आणि भूमिती कशी शिकविता येते, हा तो विषय होय.

पालक कधी कधी विचारतात, “गुरुजी, पोरे शाळेत पुठ्ठे कापत बसतात, मग गणित केव्हा करतात?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आपल्या परसवाडा भागातील मूल घरी गोंडी, पोवारी किंवा मराठी बोलते आणि शाळेत हिंदी पुस्तक वाचते. मराठीतले ‘प्रमाण’ तेथे ‘पैमाना’ होते, ‘भूमिती’ची ‘ज्यामिति’ होते. शब्द पाठ होतात, सूत्रेही पाठ होतात, परंतु त्यांच्या मागची वस्तू डोळ्यांपुढे येत नाही. असे मूल आठवीपर्यंत कसेबसे येते आणि पुढे गणिताला कायमचे घाबरते. हातात धरलेल्या वस्तूला मात्र भाषांतर लागत नाही. म्हणून प्रथम वस्तू, मग माप आणि शेवटी सूत्र, असा क्रम आम्ही ठेवितो.

पिरॅमिडच का, असेही कोणी विचारील. घराची प्रतिकृती केली तर दारे-खिडक्यांतच मुलांचा जीव गुंततो. पिरॅमिडला सजावट नाही. खाली एक चौरस आणि वर चार सारखे त्रिकोण, एवढाच त्याचा संसार. शिवाय त्याची मापे जगाला ठाऊक आहेत. इजिप्तमध्ये कैरोजवळ गिझा येथे खुफू राजाचा मोठा पिरॅमिड इसवी सनापूर्वी सुमारे २५६० च्या सुमारास बांधला गेला. त्याच्या पायाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर, आणि मूळची उंची सुमारे १४७ मीटर. माथ्याचे दगड गेल्यामुळे आज ती १३८ मीटरांच्या आसपास उरली आहे.

प्रमाण आम्ही १ : १००० घेतो. खरे १० मीटर म्हणजे प्रतिकृतीत १ सेंटिमीटर. त्यामुळे पाया २३ सेंटिमीटर आणि उंची १४.७ सेंटिमीटर येते. मग मुलांना विचारावे, या पिरॅमिडपुढे माणूस उभा करावयाचा तर तो केवढा? हिशेब केला की उत्तर येते, दीड मिलिमीटरांहून किंचित मोठा. पुठ्ठ्याच्या पायथ्याशी मोहरीचा एक दाणा ठेवावा. तो माणूस! त्या दाण्याने प्रमाणाची जी जाणीव होते, ती फळ्यावरच्या व्याख्येने होत नाही.

सामान म्हणजे जुनी खोकी, पट्टी, गुण्या, कंपास, कात्री आणि मैद्याची खळ. खर्च जवळजवळ नाही.

यानंतर खरा धडा सुरू होतो. चार त्रिकोण कापावयाचे. पाया २३ सेंटिमीटर, पण त्रिकोणाची उंची किती? बहुतेक मुले तत्काळ १४.७ म्हणतात. त्यांना अडवू नये, तसेच कापू द्यावे. त्रिकोण चिकटवून मधली उंची मोजली की पिरॅमिड जेमतेम ९.२ सेंटिमीटर भरतो! मुले चक्रावतात. पट्टी चुकली का, खळ सुटली का, अशी चर्चा होते. अखेर एखादे मूल म्हणते की, त्रिकोण उभा नाही, तो आत कलला आहे. हाच तो क्षण, ज्याची शिक्षकाने वाट पाहावी.

मग कागदावर एक काटकोन त्रिकोण काढावयाचा. एक बाजू पायाच्या निम्मी, म्हणजे ११.५, दुसरी उभी उंची, १४.७. कर्ण मोजला की १८.७ सेंटिमीटर येतो. तीच कापावयाच्या त्रिकोणाची उंची. सहावीचे मूल हे पट्टीने मोजून काढते. पायथागोरसचा सिद्धान्त शिकलेले मूल तेच वर्ग करून काढते. दोन्ही उत्तरे जुळली म्हणजे सिद्धान्त हा परीक्षेसाठी नसून कात्रीसाठीही आहे, हे त्याला पटते.

उताराचे माप इजिप्तचे कारागीर कोनमापकाने घेत नसत. त्यांचे माप आपल्यासारखेच हात, मूठ आणि बोटे यांचे होते. चार बोटांची एक मूठ आणि सात मुठींचा एक राजहात. एक हात वर चढताना किती मुठी आत सरकावयाचे, हाच त्यांचा उतार. मोठ्या पिरॅमिडचा हा उतार साडेपाच मुठी येतो. आहमोस नावाच्या लेखकाने इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये नकलून ठेवलेल्या पपायरसावर अशा उतारांची उदाहरणे आहेत. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुले आपल्या प्रतिकृतीवर ताळा करतात : सातास साडेपाच, आणि १४.७ ला ११.५. दोन्ही भागाकार जवळजवळ सारखे येतात.

आता घनफळ. पिरॅमिडएवढाच पाया आणि तेवढीच उंची असलेली एक खोकी करावी. पिरॅमिड उलटा धरून त्यात रेती भरावी आणि खोकीत ओतावी. किती वेळा ओतल्यावर खोकी भरेल? मुले हमखास दोन सांगतात, कारण त्रिकोण हा आयताच्या निम्मा, हे त्यांनी शिकलेले असते. पण खोकी तीन वेळा ओतल्यावर भरते. त्यात मुलांनी लाजण्यासारखे काही नाही. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयातही अशा घनाकृतीचे घनफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मे दिले आहे. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी एक तृतीयांश हा बरोबर नियम दिला. पुढे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत तोच सांगितला. थोरांचा अंदाजही मापाने तपासावा लागतो, हा त्यातला बोध आहे.

याच्याही पुढचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रतिकृती दुप्पट मोठी केली, म्हणजे प्रमाण १ : ५०० घेतले, तर पुठ्ठा किती लागेल? दुप्पट, असे सारा वर्ग म्हणतो. करून पाहिले की लहान पिरॅमिडच्या चार बाजूंना सुमारे ८६० चौरस सेंटिमीटर पुठ्ठा लागतो आणि मोठ्याला सुमारे ३४३०, म्हणजे चौपट. रेती तर २.६ लिटरऐवजी जवळजवळ २१ लिटर लागते, म्हणजे आठपट. लांबी दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, घनफळ आठपट. याच वाटेने १ : १००० च्या प्रतिकृतीतील २.६ लिटरांवरून खऱ्या पिरॅमिडचे सुमारे २६ लाख घनमीटर निघतात, कारण हजाराचा घन शंभर कोटी होतो.

हे इजिप्तचे कोडे राहिले असते, तर आम्ही त्यावर इतके लिहिले नसते. पण हाच नियम पटवाऱ्याच्या नकाशात आहे. समजा, गावाचा नकाशा १ : ४००० प्रमाणाचा आहे. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे शेतात ४० मीटर. मग नकाशावरचा १ चौरस सेंटिमीटर म्हणजे ४० चौरस मीटर काय? नव्हे. तो १६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस डिसमिल. वाटणीच्या वेळी, धुऱ्याच्या तंट्यात किंवा खरेदीखत करताना ज्याला हे समजत नाही, त्याला दुसरा सांगेल त्यावर अंगठा किंवा सही करावी लागते. सही करता येणे ही साक्षरता खरीच, परंतु कशावर सही करतो हे मोजता येणे ही तिची पुढची पायरी आहे. आठवीनंतर शाळा सुटणाऱ्या मुलामुलींच्या हाती एवढी पायरी तरी असावी.

तीच गोष्ट खळ्यावरची. मळणीनंतर धानाची रास पडते, तीही शंकूच, म्हणजे गोल पायाचा पिरॅमिड. लीलावतीत राशीसाठी सोपा नियम आहे : परिघाचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. परिघ ६ मीटर आणि उंची ६० सेंटिमीटर असेल, तर रास ०.६ घनमीटर. परिघ व्यासाच्या बरोबर तिप्पट धरल्यामुळे हे उत्तर थोडे जास्त येते. आजच्या सूत्राने ते सुमारे ०.५७ निघते. पायलीने मोजण्याआधी राशीचा अदमास घेण्यास हे पुरेसे आहे. घरचे वडीलधारे नुसत्या नजरेने सांगतात तो आकडा आणि मुलाने दोरीने मोजून काढलेला आकडा एकमेकांशेजारी मांडून पाहावे. त्यात दोघांचाही मान आहे.

येथे एका शब्दाची आठवण द्यावीशी वाटते. अरबीत भूमितीला ‘हंदसा’ म्हणतात. तो शब्द फारसीतील ‘अंदाजा’ या शब्दाच्या घराण्यातला, आणि आपल्या मराठीतला ‘अंदाज’ही त्याच घराण्यातला. म्हणजे आपला शेतकरी बांधीकडे पाहून अंदाज करतो, तेव्हा तो भूमितीच्या उंबरठ्यावरच उभा असतो. त्याला आत घेणे एवढेच शाळेचे काम आहे.

म्हणून सभासदांस दोनच विनंत्या आहेत. दुकानातली रिकामी खोकी टाकून न देता जवळच्या शाळेला द्यावीत. आणि यंदा खळ्यावर रास पडेल, तेव्हा घरातील सहावी-सातवीच्या मुलाच्या हाती, आणि मुलीच्याही हाती, एक दोरी व पट्टी द्यावी. तिने काढलेला आकडा मापाशी ताडून पाहावा. चुकला तर का चुकला, हे तिलाच शोधू द्यावे.