यंत्राने बोलावलेली बैठक

चि. बाळ यास,



तुझे पत्र पावले. दुबईतील कामांच्या साप्ताहिक बैठका यापुढे पुण्याच्या कचेरीतील कोणा कारकुनाने हाताने न नोंदवता, प्रोकोअर या बांधकाम-व्यवस्थापनाच्या प्रणालीत एपीआयच्या द्वारे तुझ्या प्रोग्रामनेच परस्पर नोंदवाव्यात, ही कामगिरी तुझ्याकडे आली आणि ती चार दिवसांत उरकेल असा तुझा अदमास आहे, हे वाचून कौतुक वाटले. परंतु ‘एक विनंती पाठवली की बैठक तयार’ असे जे तू लिहिले आहेस, त्यातील निश्चिंतपणाविषयीच काही लिहावेसे वाटते.

विनंती पाठविणे सोपे आहे, यात वाद नाही. प्रकल्पाचा क्रमांक, शीर्षक, तारीख, आरंभाची व समाप्तीची वेळ, स्थळ आणि उपस्थितांची यादी जेसनमध्ये भरून पोस्ट करावी, २०१ असा जबाब यावा व त्यासोबत नव्या नोंदीचा क्रमांक हाती पडावा, एवढाच तो व्यवहार. पण आखाती देशांत ज्यांचा पुष्कळ प्रचार आहे त्या फिडिकच्या करारशर्तींतील रेड बुक काढून पाहा. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत ३.८ हे कलम केवळ बैठकांसाठी आहे, आणि अभियंत्याने प्रत्येक बैठकीची नोंद ठेवून तिच्या प्रती उपस्थितांस व मालकास द्याव्यात असे त्यात सांगितले आहे. पुढे मुदतवाढीचा तंटा लवादापुढे गेला म्हणजे नकाशे वेळेवर मिळाले नाहीत ही तक्रार कंत्राटदाराने केव्हा व कोणासमक्ष मांडली, याचा दाखला याच नोंदींतून शोधावा लागतो. तेव्हा तू जे निर्माण करणार आहेस ते दप्तर आहे, आणि त्यात खोट राहिली तर ती आज कोणाच्या लक्षात येणार नाही, हीच त्यातली अडचण आहे.

पहिली खोट दुबार नोंदीची. एचटीटीपीच्या नियमांप्रमाणे पुट किंवा डिलीट ही क्रिया कितीदा केली तरी अभिप्रेत परिणाम एकच असतो. पोस्टला तशी हमी नाही. समज, तुझी विनंती पोचली, तिकडे बैठक नोंदली गेली, आणि जबाब परत येण्यापूर्वीच जोडणी तुटली. तुझा प्रोग्राम समजणार की काम फसले, आणि तो इमानेइतबारे तीच विनंती पुन्हा धाडणार. एकाच सोमवारच्या दोन बैठका उभ्या राहतील; निम्मे लोक एकीत मुद्दे लिहितील, निम्मे दुसरीत, आणि इतिवृत्ताचे दोन तुकडे होतील. म्हणून जुन्या कचेऱ्यांत आवक-जावक टिपणारी बारनिशी असे, तशी एक वही तुझ्या डेटाबेसमध्ये ठेव: प्रकल्प, बैठकीची मालिका व तारीख मिळून एक नोंद, ती विनंती पाठविण्यापूर्वीच केलेली, आणि पोच आल्यावर तिच्यापुढे तिकडचा क्रमांक घातलेला. पोच न आल्यास पुन्हा धाडण्याआधी त्या प्रकल्पाच्या बैठकांची यादी मागवून पाहावी. प्रत्येक नकाराची जातही वेगळी असते. ४०१ आला तर परवान्याची (टोकनची) मुदत संपलेली असू शकते, तो नवा घ्यावा. ४२२ आला तर मजकुरातच दोष आहे, तोच मजकूर शंभरदा पाठवून काय होणार. ४२९ आला तर थांबावे. आणि ४०३ आला तर माणसाला विचारावे, कारण तो अधिकाराचा प्रश्न आहे.

वेळेविषयी थोडेसेच. दुबई यूटीसीच्या ४ तास पुढे, पुणे साडेपाच. दुबईचे सकाळचे १० म्हणजे यूटीसीचे ६. पण पुण्याच्या यंत्राने ते आपले १० समजले, तर दुबईच्या अभियंत्यांना साडेआठाचे बोलावणे जाईल. दुबईत उन्हाळी घड्याळ नाही, हे तुझे नशीब. उद्या लंडनचे काम आले तर मात्र मागील वेळेत १६८ तास मिळवून पुढील सोमवार काढण्याची युक्ती मार्चअखेरीस व ऑक्टोबरअखेरीस चुकेल. म्हणून स्थानिक वेळ आणि कालविभागाचे नाव जपून ठेवावे, यूटीसी त्यातून ऐनवेळी काढावी.

याहून मला अधिक खटकते ते दर आठवड्याला कोरी बैठक निर्माण करण्याचे तुझे धोरण. प्रोकोअरमध्ये मागील बैठकीला जोडून पुढची बैठक काढण्याची सोय आहे, आणि तसे केल्यास न सुटलेले मुद्दे पुढे येतात. ते नाते तोडून तू प्रत्येक वेळी स्वतंत्र नोंद केलीस, तर जलरोधनाचा जो मुद्दा तीन आठवडे कोणी मनावर घेतला नाही तो चौथ्या आठवड्यात कार्यसूचीतून नाहीसा होईल, आणि ज्यांना तो नकोच होता त्यांना आयतेच फावेल! विषयांची शीर्षके यंत्राने खुशाल भरावीत. मुद्दा मिटला हा शेरा मात्र माणसानेच मारावा, अशी माझी ठाम समजूत आहे.

उपस्थितांची यादीही प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नकोस. प्रकल्पाच्या डिरेक्टरीतून ती दर वेळी ताजी घे. काम सोडून गेलेल्या माणसाचे नाव हजेरीच्या यादीत राहणे वाईट, आणि दाव्यासंबंधीची अंतर्गत बैठक खाजगी अशी खूण न करता नोंदली गेल्यामुळे ती उपकंत्राटदाराच्या नजरेस पडणे त्याहून वाईट. सर्व्हिस अकाउंटला जे अधिकार देशील ते मुखत्यारपत्र समजून दे: ज्या प्रकल्पांचे काम आहे तेवढेच, बैठकांपुरतेच. त्याची गुप्त किल्ली कोडमध्ये लिहू नकोस, हे तुला सांगावयास नको, तरी सांगतो.

आता सँडबॉक्समध्ये जोडणी मुद्दाम मध्येच तोडून पाहा, आणि एका सोमवारच्या किती बैठका झाल्या ते मला कळव. वहिनींस नमस्कार सांग. त्यांनी धाडलेले लोणचे पोचले.

तुझा,
काका