मशीन घेण्याआधी

पहिलं ड्रिल मशीन बहुतेक घरांत गरजेपोटी येतं. नव्या फ्लॅटचा ताबा मिळालेला असतो, पडद्यांचे रॉड लावायचे असतात, देव्हारा टांगायचा असतो आणि दोन भोकांसाठी मिस्त्री आठवडाभर ‘उद्या नक्की’ म्हणत राहतो. माझ्या घरीही ते असंच आलं. दुसरं मशीन येतं ते पहिल्यानं दिलेला आनंद खरा असतो म्हणून.

त्या आनंदाला मी कमी लेखणार नाही. आठ एमएमचं बिट भिंतीत शिरताना आधी गिलाव्याची करडी भुकटी येते, मग विटेची लाल. लाल दिसली की गिट्टीला धरायला पक्की जागा मिळाली हे कळतं. गिट्टी हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसते, स्क्रू शेवटच्या फेऱ्याला घट्ट होतो, फळीवर भार देऊन बघावा तर ती जराही हलत नाही. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाच्या वाट्याला असं, संध्याकाळी डोळ्यांनी दिसणारं काम क्वचितच येतं. घरातली लहान मुलं शेजारी उभी राहून स्क्रू हातात देतात. हे सगळं हवंहवंसं वाटणारच.

मग मन पुढच्या मशीनकडे ओढ घेतं. पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला तासभर फिरून बघा. दुकानाच्या भिंतीभर टांगलेली ग्राइंडर, जिगसॉ, सँडर, इलेक्ट्रिक रंधे बघताना प्रत्येक वस्तूसोबत एक काम डोळ्यांपुढे येतं. जिगसॉ दिसली की मुलीसाठी पुस्तकांचं कपाट, सँडर दिसला की आजीची जुनी आरामखुर्ची, राउटर दिसला की गोल कडांचं टेबल. सणासुदीच्या ऑनलाइन सेलमध्ये तर शंभर नगांची पेटी दारात येते. मशीन विकत घेतलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं, आणि मोहाचं मूळ इथेच आहे. माझ्याकडे माळा भरत गेला. राउटर मी टेबलाच्या कडांसाठी घेतला होता. त्या कडा शेवटी कानस आणि पॉलिश पेपरनं गोल झाल्या, आणि छान झाल्या.

पैसे गेले, जागा अडली, हे नुकसान सोसता येतं. खरी काळजी वेगळी आहे. वर्षातून एकदा माळ्यावरून उतरणारं मशीन दरवेळी परकंच असतं. ते सुरू होताना किती झटका देतं, बटण सोडल्यावर किती वेळ फिरत राहतं, कुठे अडकतं, याची हाताला आठवण नसते. रोज वापरणाऱ्याला ती असते.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. माझे मेहुणे घरी चपलांचा स्टँड करत होते. हाताशी चार इंची ग्राइंडर होता. त्याला लाकूड कापायचं दातेरी पातं लावलेलं, आणि पातं गार्डमध्ये मावत नाही म्हणून गार्ड काढून ठेवलेलं. मी प्लायचं दुसरं टोक धरून उभा होतो. काप अर्ध्यावर गेला तसा प्लाय स्वतःच्या वजनानं किंचित वाकला, काप मिटला आणि पातं त्यात चिमटलं. पुढचं इतक्या झटकन झालं की आम्हा दोघांनाही काही करता आलं नाही. ग्राइंडर उसळून मागे आला आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी लागला. हातातून सुटून तो जमिनीवर पडला तरी फिरतच होता, कारण त्याचं बटण पुढे सरकवून अडकवायचं होतं. मी प्लग ओढला. स्नायूबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, मग कित्येक महिने व्यायाम. आज अंगठा हलतो, पण शर्टाचं वरचं बटण लावायला त्यांना अजून वेळ लागतो.

यात दुर्दैव थोडं आणि यंत्रशास्त्र जास्त होतं. साधा १०० एमएमचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. लोखंड कापायची पातळ चकती लोखंड घासत घासत कापते. दातेरी पात्याचा प्रत्येक दात लाकडाचा घास घेतो, आणि एखादा दात रुतला की फेकला जातो तो ग्राइंडर, धरणाऱ्याच्या दिशेनं. सर्क्युलर सॉला लाकडावर टेकणारी सपाट बैठक असते आणि काप संपला की स्प्रिंगनं आपोआप बंद होणारं खालचं गार्ड असतं. ग्राइंडरला यातलं काहीच नाही. आपले मिस्त्री मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून झरझर प्लाय कापतात. त्याला बैठक असते, पण आपोआप मिटणारं गार्ड त्यालाही नसतं. ते रोज तेच करतात. आपण त्यांचं बघून रविवारी एकदा करायला जाऊ नये. लाकडाचं पातं ग्राइंडरला लावू नका, यात मला कुठलीही सवलत मान्य नाही.

हात तयार होण्याआधीच मशीन हाती येणं, हे तसं अलीकडचं आहे. १८९५ साली श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं विजेवर चालणारं पहिलं हातड्रिल बनवलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा खटका या रचनेचं पेटंट १९१७ साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला मिळालं. तिथून हे यंत्र कुणाच्याही हातात बसू लागलं. त्याआधी सामता आणि गिरमिट चालवणाऱ्या सुताराला लाकडाचे रेषे कसे आहेत, गाठ कुठे आहे हे सगळं आधी हातानं शिकावं लागे. ती शिस्त चांगल्या कारागिरात आजही दिसते. आमच्याकडे स्वयंपाकघराचं काम केलेल्या मिस्त्रींना मी दिवसभर बघत असे. त्यांच्या थैलीत एक ड्रिल, एक कटर, एक रंधा आणि बाकी सगळी हातहत्यारं. गुण्या लावून पेन्सिलीची रेघ मारण्यात त्यांचा जेवढा वेळ जाई, त्याच्या निम्माही कापण्यात जात नसे. कापायच्या आधी ते फळी दोन ठिकाणी क्लॅम्पनं आवळून घेत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “दादा, फळी धरायला माणूस ठेवला तर त्याचाही हात सांभाळावा लागतो.” मेहुण्यांच्या त्या प्रसंगानंतर हे वाक्य मला नीट कळलं.

म्हणून सुरुवात करणाऱ्यानं मशीनवरचा पहिला खर्च अर्धा करावा आणि उरलेल्या पैशांत चांगली बिटं, दोन क्लॅम्प, एक गुण्या आणि बाजूनं बंद असलेला सुरक्षा चष्मा घ्यावा. अडीच-तीन हजारांचं साधं १३ एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल आणि उत्तम बिट ही जोडी, महागडं ड्रिल आणि पेटीतलं फुकट बिट यांपेक्षा कितीतरी चांगलं भोक पाडते. दगड-विटेचं, लाकडाचं आणि लोखंडाचं बिट वेगवेगळं असतं, हे दुकानदार सांगेलच असं नाही.

ड्रिल घेण्याआधी आपली भिंत कशाची आहे ते बघा. जुन्या इमारतीत लाल वीट असते, तिथे इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. सिपोरेक्ससारख्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत इम्पॅक्ट बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर भोक सैल होतं आणि गिट्टी गोल फिरत बसते. गेल्या काही वर्षांतल्या उंच टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या भिंती असतात, म्हणजे सगळीच काँक्रीट. तिथे इम्पॅक्ट ड्रिल रडतं, बिट निळं पडतं, आणि माणूस अंगाचा भार टाकून दाबू लागतो. तिथे रोटरी हॅमर लागतो, पण तो विकत घेऊ नका. भाड्यानं आणा किंवा जाणकाराला बोलवा, आणि घरातली सगळी भोकं एका दिवसात उरकून घ्या. कॉलम आणि बीममध्ये शक्यतो भोक पाडूच नका. बिट सळईला लागलं तर जोर न करता जागा बदला. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरची नळी असते, तो पट्टा सोडायचा. बाथरूममध्ये नळ आणि गिझरच्या रेषेत पाण्याचा पाइप असतो, तिथेही तेच.

बॅटरीच्या मशिनांवर नावापेक्षा आकडा मोठा छापलेला असतो. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट मॅक्स यांत बहुधा काहीच फरक नसतो. ३.६ व्होल्टचे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडले की १८ होतात. तेच सेल पूर्ण भरलेले असताना प्रत्येकी ४.२ व्होल्ट दाखवतात, म्हणजे २१. ‘मॅक्स’चा आकडा या भरलेल्या अवस्थेजवळचा असतो. स्वस्त पेट्यांवर ४८ किंवा ८८ असे आकडे दिसतात, त्यांच्या आतही पुष्कळदा हेच पाच सेल असतात. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही, म्हणून पहिली बॅटरी घेताना पुढच्या दहा वर्षांचा विचार करा आणि त्याच घराण्यात राहा. बॅटरी रिकामी करून माळ्यावर ठेवू नका. स्लॅबच्या खाली उन्हाळ्यात तापणाऱ्या जागी तर नाहीच. निम्मी चार्ज करून कपाटात ठेवा.

विजेचं थोडक्यात सांगतो. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं असतं, त्याला दोन पिनांची वायर चालते. तीन पिना असतील तर अर्थिंग तपासलेलं हवं. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल, तर पुढचं मशीन घेण्याआधी तो बसवून घ्या. घरातल्या प्रत्येकाचा जीव त्यानं सांभाळला जातो.

हातमोज्यांबद्दल गैरसमज फार आहे. ड्रिलवर काम करताना सुती हातमोजे घालू नयेत, फिरणारं बिट धागा पकडून बोट ओढून घेतं. सैल बाही, ओढणी आणि मोकळे केस यांचंही तेच. भिंतीवर ग्राइंडर चालवला तर उडणारी सिमेंटची धूळ फुप्फुसात कायमची बसते. त्याला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो.

एवढं वाचूनही कुणाला संग्रह करायचा असेल तर माझा विरोध नाही. मशीन बघून आनंद होणं हा चांगला गुण आहे. पण एक मशीन हातात बसेपर्यंत दुसरं आणू नका, आणि काम ठरल्यावरच हत्यार आणा. शेजारच्या चार घरांत मिळून एक ड्रिल, एक शिडी आणि एक जिगसॉ भरपूर होते. सोसायटीच्या सभेत हा विषय काढून बघा. माझा राउटर मी आमच्या भागातल्या आयटीआय शिकलेल्या एका मुलाला दिला. तो त्यावर रोज काम करतो.

ग्राइंडर मात्र आज अनेक घरांच्या माळ्यावर आहे, आणि त्याबद्दल माझी हात जोडून विनंती आहे. येत्या रविवारी तो खाली काढा. प्लग न लावता गार्ड जागेवर आहे का ते बघा. दातेरी पातं असेल तर काढून टाका. कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. ती चकती राळेनं बांधलेली असते, तिची मुदत साधारण तीन वर्षांची, आणि पावसाळ्यातली ओल लागली तर राळ त्याआधीच कमकुवत होते. मुदत उलटलेली चकती मोडून फेका, म्हणजे दुसरा कुणी ती लावणार नाही. नवा ग्राइंडर घ्यायचा असेल तर हात सैल पडताच बंद होणाऱ्या पॅडल स्विचचा घ्या. आणि गार्ड हरवलं असेल, तर नवीन मिळेपर्यंत तो ग्राइंडर कुणालाही वापरू देऊ नका, उसनाही देऊ नका.