आधी शेवाळ काढा, मग रंग द्या

प्रश्न : रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर दर पावसाळ्यात हिरवे-काळे डाग पडतात. रंग निकृष्ट असेल का? पुन्हा रंगवून घेऊ का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : काळजी करू नका. हे शेवाळ आणि बुरशी आहे. ऊन न लागणाऱ्या ओलसर भिंतीवर ती चांगल्या रंगावरही वाढतात. त्यावरच रंग दिलात तर पोपडे निघतील. पाऊस सरल्यावर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी लावा, 15 मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासून भिंत स्वच्छ धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात अ‍ॅसिड कधीही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू निघतो. भिंत पूर्ण वाळल्यावर शेवाळरोधक रंग द्या. गळकी पन्हळ दुरुस्त करा, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. डाग लवकर परतणार नाहीत.