मोबाईलला रेंज नाही : दोष शोधावा कसा?

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झालेल्या संभाषणाने देशातील मोबाईल सेवेचा आरंभ झाला. त्या काळी ही सेवा मोठ्या शहरांतील मोजक्या व्यक्तींपुरती मर्यादित होती. ती नसली म्हणून सामान्य माणसाचे काम अडत नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे. शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत मोबाईलवरून करतो. बँकेचा आणि आधारचा ओटीपी मोबाईलवरच येतो. शिधावाटप दुकानातील ई-पॉस यंत्रही याच जाळ्यातून चालते. अशा स्थितीत रेंज जाणे ही केवळ गैरसोय राहत नाही. मुदत टळते, अनुदान लांबते, प्रसंगी रुग्णवाहिका वेळेवर येत नाही.

रेंज गेली की सामान्यतः दोन गोष्टी घडतात. काही जण फोनच बिघडला असे समजून दुरुस्तीवर किंवा नव्या फोनवर खर्च करतात. इतर जण टॉवरला दोष देऊन स्वस्थ बसतात. दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. ताप आला एवढ्यावरून वैद्य औषध देत नाही. तो आधी तापाचे कारण शोधतो. त्याचप्रमाणे दोष फोनमध्ये आहे, सिमकार्डात आहे, कंपनीकडील खात्यात आहे, की टॉवर व त्यामागील यंत्रणेत आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नसते. शिक्षक, ग्रामसेवक वा पंचायत सदस्य यांना क्रमाने तपासणी करून हे सहज ठरविता येते.

लहरींचा मार्ग

मोबाईल हे मूलतः रेडिओ लहरी पाठविणारे व घेणारे छोटे यंत्र आहे. टॉवर सशक्त असतो, फोन मात्र दुर्बल असतो. म्हणूनच टॉवरचा संदेश फोनपर्यंत पोहोचला, तरी फोनचे उत्तर टॉवरपर्यंत पोहोचेलच असे नाही. रेंजच्या रेषा दिसत असूनही कॉल लागत नाही, याचे हे एक कारण होय.

या लहरींची वारंवारता जितकी कमी, तितकी त्यांची पोच अधिक. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात व भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात, आणि ५जी सेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरींची पोच त्याहूनही कमी असते. डोंगर आडवा आला की त्यामागे लहरींची सावली पडते. सह्याद्रीच्या कुशीतील वाड्या, सातपुड्यातील पाडे आणि मेळघाटातील गावे यांची अडचण पुष्कळदा हीच असते. घराचे पत्र्याचे छप्पर लहरी परतवून लावते. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब व कोकणातील जांभ्याच्या जाड भिंती त्या मंद करतात. ओसरीवर रेंज आहे आणि माजघरात नाही, असे झाल्यास फोन बिघडलेला नाही, हे समजावे.

रेषा किती दिसाव्यात हे प्रत्येक फोन बनविणारी कंपनी आपल्या परीने ठरविते. त्यामुळे दोन फोनांची तुलना रेषांवरून करू नये. बहुतेक स्मार्टफोनांत 'फोनविषयी' या सदरात सिमची स्थिती पाहता येते. तेथे लहरींचे बळ डीबीएम या मापात दिलेले असते. हा आकडा उणे असतो. ४जीसाठी उणे ९० किंवा त्याहून शून्याच्या जवळ असल्यास स्थिती चांगली. उणे ११० च्या पुढे गेल्यास सेवा तुटू लागते. आकडा १० ने घसरला म्हणजे बळ एक दशांशावर येते, हे लक्षात घेतल्यास उणे ८० व उणे ११० यांत हजारपटींचा फरक आहे, हे ध्यानात येईल.

पहिली कसोटी : शेजारचा फोन

फोनला हात लावण्यापूर्वी त्याच जागी त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा फोन पाहावा. त्यालाही रेंज नसेल तर दोष बहुधा टॉवरचा आहे. त्याला रेंज असेल तर दोष आपला फोन, सिम किंवा खाते यांत आहे. त्यानंतर सिमची अदलाबदल करावी. आपले सिम दुसऱ्या फोनमध्ये चालले, तर दोष आपल्या फोनचा. तेथेही चालले नाही, तर दोष सिमचा किंवा खात्याचा. या दोन साध्या कसोट्यांनी तपासणीचे क्षेत्र खूपच आकुंचित होते.

फोनची तपासणी

पुढील उपाय याच क्रमाने करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. फोनागणिक सेटिंगची नावे थोडी वेगळी असू शकतात.

(१) विमानाचे चिन्ह असलेला एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करावा. यामुळे फोन टॉवरशी असलेला संबंध तोडून नव्याने नोंदणी करतो. तेवढ्याने न भागल्यास फोन बंद करून पुन्हा चालू करावा.

(२) नेटवर्कची निवड 'स्वयंचलित' आहे ना, हे पाहावे. कोणी हाताने निवड करून ठेवली असल्यास दुसऱ्या भागात गेल्यावर फोन मुका होतो. महाराष्ट्र व गोवा मिळून एक दूरसंचार परिमंडळ असून मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे. चंदगड, जत, धारणी, सिरोंचा अशा सीमेवरील भागांत फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. तेथे डेटा रोमिंग बंद असेल तर कॉल होतो, पण इंटरनेट मिळत नाही.

(३) नेटवर्कचा प्रकार पाहावा. '५जी/४जी/३जी/२जी स्वयंचलित' हा पर्याय योग्य. ५जी येत-जात असलेल्या ठिकाणी फोन सतत बदल करीत राहतो व बॅटरी लवकर उतरते; तेथे '४जी'पर्यंत मर्यादा घातल्यास सेवा स्थिर होते.

(४) व्होल्टे चालू असावे. केवळ ४जीवर चालणाऱ्या कंपनीच्या सिमवर व्होल्टेविना साधा कॉल होत नाही. घरात वाय-फाय असेल तर वाय-फाय कॉलिंगची सोय चालू करावी. पत्र्याच्या घरात तिचा चांगला उपयोग होतो.

(५) शेवटचा उपाय म्हणून 'नेटवर्क सेटिंग रीसेट' करावे. यात साठविलेले वाय-फायचे पासवर्ड व ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात. छायाचित्रे व संपर्क क्रमांक राहतात. ई-सिम वापरणाऱ्यांनी मात्र ते पुसण्याचा पर्याय निवडू नये.

जुना फोन विकत घेतला असेल आणि कोणतेही सिम चालत नसेल, तर आणखी एक शक्यता विचारात घ्यावी. चोरीस गेलेल्या फोनचा आयएमईआय क्रमांक सर्व कंपन्यांच्या जाळ्यांत बंद करण्याची व्यवस्था मे २०२३ पासून देशभर लागू आहे. *#०६# दाबल्यास हा १५ अंकी क्रमांक पडद्यावर दिसतो. 'संचार साथी' या शासकीय सेवेवर तो तपासता येतो. फोन विकत घेण्यापूर्वीच ही तपासणी करणे शहाणपणाचे ठरते.

सिमकार्ड व खाते

सिम बाहेर काढून त्याचा सोनेरी भाग मऊ, कोरड्या कापडाने पुसावा व नीट बसवावे. सिमला पिन असेल आणि ती तीनदा चुकली, तर फोन पीयूके हा ८ अंकी क्रमांक मागतो. तो अंदाजाने कधीही देऊ नये. १० वेळा चुकल्यास सिम कायमचे निकामी होते. हा क्रमांक कंपनीकडून मिळतो.

रिचार्जची मुदत संपली आहे काय, दिवसाचा डेटा संपला आहे काय, हेही पाहावे. पुष्कळ योजनांत दैनिक मर्यादा संपल्यावर वेग इतका कमी होतो की इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते.

एक प्रसंग मात्र विशेष धोक्याचा समजावा. शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे, आपला फोन बंद-चालू करूनही 'सेवा नाही' असेच दिसते आणि रिचार्ज तर शिल्लक आहे. अशा वेळी कोणी आपल्या नावाचे दुसरे सिम काढून बँकेचे ओटीपी त्यावर घेत असण्याची शक्यता असते. तात्काळ दुसऱ्या फोनवरून कंपनीला व बँकेला कळवावे. पैसे गेले असल्यास १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे विलंब महागात पडतो.

कॉल लागतो, पण इंटरनेट चालत नाही

अशा वेळी मोबाईल डेटा चालू आहे काय, दोन सिमांपैकी योग्य सिम डेटासाठी निवडले आहे काय आणि एपीएन हे सेटिंग मूळ स्थितीत आहे काय, ते पाहावे. फोनचा दिनांक व वेळ चुकीची असल्यासही बँकांची व शासकीय संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत फोन आपल्या घड्याळावरून ताडून पाहतो. दिनांक व वेळ स्वयंचलित ठेवावी.

रेंज भरपूर आणि वेग मात्र अल्प, असे ठरावीक वेळीच होत असेल तर तो गर्दीचा परिणाम होय. एका टॉवरची क्षमता त्यावरील सर्व फोनांत वाटली जाते. आठवडी बाजार, जत्रा, निकालाचा दिवस आणि रात्री ८ ते १० ही वेळ यांत ती अपुरी पडते. तातडीचे नसलेले काम पहाटे किंवा सकाळी लवकर केल्यास ते सुकर होते.

या गोष्टी टाळाव्यात

बाजारात मिळणारे 'नेटवर्क बूस्टर' खासगीरीत्या बसविणे बेकायदेशीर आहे; एका घराला रेंज मिळते आणि आसपासच्या सर्वांच्या सेवेत व्यत्यय येतो. संपूर्ण फोन पुसणारा 'फॅक्टरी रीसेट' रेंजसाठी करू नये. 'नेटवर्क सुधारून देतो' असे सांगून ओटीपी मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. विशेषतः *४०१* ने सुरू होणारा संकेत व पुढे अपरिचित क्रमांक दाबण्यास कोणी सांगितल्यास तो दाबू नये. त्यामुळे आपले कॉल परस्पर त्या क्रमांकाकडे वळतात.

तातडीच्या प्रसंगी एवढे स्मरणात ठेवावे की, 'केवळ आपत्कालीन कॉल' असे दिसत असताना आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून ११२ हा क्रमांक लागू शकतो.

दोष टॉवरचा असेल तर

टॉवरलाही वीज लागते. वीज खंडित झाल्यावर बॅटरी काही तासच साथ देते. टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारी ऑप्टिकल फायबरची तार रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या खोदकामात तुटते आणि अनेक गावे एकदम मुकी होतात. असे खोदकाम पुष्कळदा पंचायतीच्याच कामाचे असते. खोदण्यापूर्वी संबंधितांना कळविण्यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप सुरू केले आहे. ठेकेदाराने त्याचा वापर केला आहे, याची खात्री ग्रामपंचायतीने करून घ्यावी.

तक्रारीची रीत ठरलेली आहे. प्रथम १९८ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. ३९ दिवसांत त्याचा निर्णय होणे अपेक्षित आहे. त्यापुढे केंद्राच्या लोकतक्रार पोर्टलचा, तसेच जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाला ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तथापि त्याच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात.

ग्रामपंचायतीची नोंदवही

'गावात रेंज नाही' या एका वाक्याच्या अर्जावर कोणतीही कंपनी फारसे काही करू शकत नाही. त्याऐवजी ग्रामपंचायतीने १५ दिवस एक साधी नोंदवही ठेवावी. दिनांक, वेळ, वाडी किंवा पाडा, कंपनी, घरात की घराबाहेर, डीबीएमचा आकडा, वीज होती की नव्हती, आणि १९८ वर मिळालेला तक्रार क्रमांक, एवढे रकाने पुरेत. शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शिक्षकांना हे काम आनंदाने करून घेता येईल; त्यातून विज्ञानाचा एक पाठही होईल. नंतर ही नोंद कंपनीच्या नकाशाशी ताडून पाहावी. नकाशात सेवा दाखविली आहे आणि नोंदीत ती नाही, असे आढळल्यास तक्रारीला बळ येते. वीज गेल्यावरच रेंज जाते असे दिसल्यास मागणी बॅटरीची करावी. ठरावीक वेळीच वेग मंदावत असल्यास क्षमता वाढविण्याची. आणि एखादी वाडी सदैव लहरींच्या सावलीत असल्यास नव्या टॉवरची.

सेवेपासून वंचित राहिलेल्या २४,६८० गावांना ४जी सेवा पुरविण्याच्या २६,३१६ कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२२ मध्ये मान्यता दिली. अशा योजनांत आपल्या वाडीचा विचार व्हावा, यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि त्यास जोडलेली ही नोंद यांचा उपयोग होईल.

ज्या घरात एकच फोन आहे आणि त्यावर मुलाचा अभ्यास, आईची औषधे व शेताची नोंद अवलंबून आहे, त्या घराला नव्या फोनचा नाहक खर्च परवडणारा नसतो. पंचायत कार्यालयात वा शाळेत अशी तपासणी करून देणारी एक तरी व्यक्ती असली, तर तो खर्च वाचेल आणि खरी तक्रार योग्य ठिकाणी पोहोचेल.