मावळातल्या वादकाचे पंचांग

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मंगल कार्यालयांची दारे उघडावीत आणि आषाढी एकादशीला चातुर्मास बसला की ती बंद व्हावीत, ही आपल्याकडील वहिवाट इतकी जुनी आहे की, सनई-चौघडेवाल्यांपासून बँडपथकांपर्यंत लग्नसराईवर पोट असणाऱ्या सर्वच वादकांनी आपले वर्ष तिच्यावर बेतलेले असते. आणि त्या चार महिन्यांत मिळकत आटत असली, तरी हात मोकळा होऊन रियाजाला, वाद्याच्या डागडुजीला आणि नवे काही बसविण्याला अवकाश मिळतो, हा त्या वहिवाटीचा मोठाच उपकार आहे. लोणावळ्यात राहून गिटार वाजविणाऱ्याच्या वाट्याला हा उपकार येत नाही. इतरत्र मुहूर्त संपतात, नेमके तेव्हाच येथे भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी वाहू लागते, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे घाटमाथ्यावर लोटतात आणि रिसॉर्टवाल्यांना संध्याकाळी गाणारे-वाजविणारे हवे असतात. पाऊस ओसरला की पवना धरणाच्या काठी तंबू उभे राहतात, आणि मग पुन्हा लग्नघरची बोलावणी सुरू होतात. ही बारमाही मागणी भांगरवाडीत राहून मी पुरेपूर अनुभवली आहे. म्हणून कामशेत, वडगाव, तळेगाव या बाजूंच्या ज्या तरुणांनी नुकतेच हे वाद्य हाती धरले आहे आणि कार्यक्रम, ध्वनिमुद्रण व शिक्षण ही तिन्ही एकदम सांभाळण्याची ज्यांची उमेद आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा सामान्यतः एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात, आणि ही दोन्ही सत्रे ऐन लग्नसराईत येतात. अर्ज भरताना बिदागी समोर उभी नसते. ती उभी राहते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि तेव्हा घरभाड्याची निकड विद्येच्या बाजूने कौल देत नाही. परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलली जाते. पण वाया गेलेल्या सहा महिन्यांहून मोठे नुकसान हाताचे होते. रिसॉर्टमधील मैफलीत तीच ती ठरावीक गाणी, फर्माईश येताच क्षणार्धात सूर बदलून, गायक चुकला तर त्याला सावरून, शांततेचा एकही क्षण रिकामा न ठेवता वाजवावी लागतात. ही विद्याही सामान्य नव्हे, परंतु तिच्या अखंड सवयीने हाताला थांबणे नकोसे होते. अशाच एका सलग हंगामानंतर विलंबित तीनतालाच्या ठेक्यावर बसलो असता, समेपर्यंतचे अंतर मला सोसवेना आणि प्रत्येक मोकळी मात्रा माझी बोटे आपण होऊन भरून काढू लागली, तेव्हा हे माझ्या ध्यानी आले. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून तारांवर कांडी सरकवीत तिच्यातून आलाप आणि मींड काढली, आणि 1967 साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती घरोघरी पोहोचविली. ती आजही ऐकताना प्रथम जाणवतो तो दोन स्वरांमधील धीर, आणि तो धीर कार्यक्रमांच्या गर्दीत शिकता येत नाही.

यावर उपाय एकच आहे, आणि तो अमलात आणण्यास कठीण आहे. वर्षारंभी, एकही बयाणा स्वीकारण्यापूर्वी, परीक्षेचे पंधरवडे आणि रोजचे सकाळचे दोन तास रोजनिशीत आधी लिहून टाकावेत, आणि मावळातील शेतकरी बियाण्याच्या भाताला जसा विक्रीसाठी हात लावीत नाही, तसा त्या वेळेला हात लावू नये. सकाळच म्हणण्याचे कारण असे की, रात्रीच्या कार्यक्रमानंतर थकलेल्या मनगटाने केलेला वेगाचा सराव स्नायुबंधांना सूज आणतो. वेदना होत असता वाजवीत राहणे हे शौर्य नसून उपजीविकेचा घात आहे. ज्यांचा ओढा पाश्चात्त्य पद्धतीकडे आहे त्यांना ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी-परीक्षा स्वतः चित्रित करून पाठविण्याची सोय आहे; चित्रण सलग, काटछाट न करता पाठवावे लागते खरे, पण दिवस आपल्या हाती राहतो, आणि आमच्यासारख्यांना तीच मोठी सवलत आहे.

आता वाद्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण या मुलखाचा पाऊस पुस्तकातील सल्ल्यांना जुमानत नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या गावात जुलैमध्ये भिंतींना पाझर फुटतो, कपाटातील चामड्याला बुरशी धरते, आणि अखंड लाकडाच्या गिटारची पुढची फळी ओल पिऊन ब्रिजच्या मागे फुगते. बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची सुमारे अडीच मिलिमीटर असावी. पोलादी पट्टी लावून पाहिली तर ती साडेतीनच्या पुढे गेलेली आढळते, आणि बोटांना तार दाबणे जड जाऊ लागते. अशा वेळी अनेक जण मानेतील सळईचा स्क्रू पिळू लागतात. त्याने मानेचा बाक बदलतो. फुगलेली फळी खाली बसत नाही, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली म्हणजे तीच गिटार उलट बाजूने खरखरू लागते. पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवावा, तो 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान राहील अशी तजवीज सिलिका जेलच्या पुड्यांनी करावी, त्या पुड्या भिजल्या की वाळवून पुन्हा घालाव्यात, आणि जून ते सप्टेंबर बाहेरच्या कार्यक्रमांना प्लायवुडच्या फळीची साधी गिटार न्यावी. वातानुकूलित दालनातून एकदम धुक्यात वाद्य काढू नये. पेटी बंद ठेवून तिला बाहेरच्या हवेची थोडी सवय होऊ द्यावी.

पावसाचा परिणाम ध्वनिमुद्रणावरही होतो. पत्र्याच्या छपरावर सर कोसळत असता मायक्रोफोनपुढे गिटार वाजविणे व्यर्थ आहे, आणि सर थांबावी तो रुळांवरून मालगाडी जाते. म्हणून पावसाळ्यात विजेच्या गिटारची तार थेट यंत्राला जोडून होईल तेवढेच काम घरी घ्यावे, आणि लाकडी गिटारचे काम हिवाळ्यातील मध्यरात्रीनंतरच्या तासांवर ठेवावे. स्टुडिओत पुण्याला जावे की मुंबईला, हा प्रश्न दोहोंच्या मध्ये राहणाऱ्याला नेहमी पडतो. ज्याच्याकडे लेखी करारनामा मिळेल तेथे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘दम मारो दम’ या 1971 सालच्या गाण्यातील गिटार भूपिंदर सिंग यांची, हे त्यांच्या गझलांवर प्रेम करणाऱ्यांपैकीही कित्येकांना ठाऊक नसते. इतक्या मोठ्या कलावंताची ही कथा, तर नवख्याचे नाव कोण राखणार? 1957 च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमात 1994 साली कलावंतांचे स्वतंत्र हक्क आले, त्यांची मुदत आज 50 वर्षांची आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातील स्वामित्वधनाचा हक्कही मान्य झाला. तेव्हा पावतीवर सही करण्यापूर्वी ‘सर्व हक्कांसह एकरकमी’ असा मजकूर आहे काय ते वाचावे, आणि श्रेयनामावलीत नाव असेल हे लिहून घ्यावे.

कार्यक्रमांच्या बाबतीत एकच गोष्ट बजावून सांगतो. उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री 10 वाजता बंद झाला पाहिजे, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक आहे, आणि धरणाकाठच्या गावांतील माणसांच्या झोपेसाठी तो योग्यच आहे. पण पाहुणे घाटातील कोंडीत अडकून नऊला पोहोचतात, वाजविणे तासाभरातच आटोपते, आणि मग आयोजक अर्धा मेहनताना कापू पाहतो. मजवर हा प्रसंग आला तेव्हा हाती कोणताही दस्तऐवज नव्हता. म्हणून आपण किती वेळ वाजविले यावर नव्हे, तर कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत हजर राहिलो यावर मोबदला ठरेल, निम्मी रक्कम आगाऊ जमा होईल आणि थांबविण्याची वेळ दहाची असेल, एवढे तीन मुद्दे फोनवर संदेश पाठवून का होईना, कबूल करून घ्यावेत.

येत्या नोव्हेंबरच्या सत्रासाठी मी पंधरवडा राखून ठेवला आहे. त्यात आलेली लग्नाची बोलावणी मी तळेगावच्या एका तरुण गिटारवादकाकडे वळविली असून, त्याच्या परीक्षेच्या वेळी मे महिन्यातली त्याची कामे मी करावीत, असा आमचा आपसात ठराव झाला आहे.